थर्मामीटर फुटलेला आहे

पत्र

ताई, मी साताऱ्याजवळचा. वय 43. धंदा जमिनीचा, म्हणजे शेतजमीन घ्यायची, एन.ए. करायची, प्लॉट पाडून विकायचे. नाटकाचं वेड कॉलेजपासून. आमची हौशी संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेला रशियन नाटककार चेकॉव्हचं ‘चेरीची बाग’ करतेय आणि मला लोपाखिन दिलाय, म्हणजे कर्जापायी लिलावात निघालेली बाग शेवटी विकत घेणारा व्यापारी. वाटप करताना दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला, ‘तुला अभिनय करायचीच गरज नाही, रोज करतोस तेच कर.’ सगळे हसले, मीही हसलो. त्याला लोपाखिन खलनायक हवाय, बाग गिळणारा. शिवाय सगळं नाटक कोकणात न्यायचं, चेरीच्या जागी हापूस, असंही त्याच्या डोक्यात आहे. शेवटच्या अंकात मी बागेच्या मालकिणीच्या मानसकन्येला, वार्याला, मागणी घालायला उभा राहतो आणि न घालताच निघून जातो. ‘का जातोस त्याचं कारण शोधून आण,’ असं तो म्हणतो. तीन आठवडे शोधतोय. सापडत नाही. तालमीच्या हॉलचं भाडं मी भरतो, त्यामुळे काही बोललो तर पैशाच्या जोरावर बोलतो असं होईल. आणि खरं सांगायचं तर नाटक वाचताना मला दोनदा झोप लागली. काय करू?
– एक लोपाखिन

उत्तर

झोपेचं आधी घेते, ते सोपं आहे. पडदा उघडतो तेव्हा लोपाखिन नुकता झोपेतून उठलेला असतो. मालकीणबाई पाच वर्षांनी पॅरिसहून परत येणार, त्यांना घ्यायला स्टेशनवर जायचं म्हणून हा मुद्दाम येऊन थांबलेला, आणि पुस्तक हातात घेऊन खुर्चीतच घोरायला लागला. गाडी दोन तास उशिरा आली तरी याची चुकली. वर स्वतःच सांगतो की पुस्तक वाचत होतो, काही म्हणजे काही कळलं नाही, वाचता वाचता डोळा लागला. तेव्हा भूमिकेची तयारी तुम्ही पहिल्याच आठवड्यात सुरू केलीत, फक्त तुम्हाला ते कोणी सांगितलं नाही.

आता त्या हशाबद्दल. तो तुम्हाला लागला, आणि लागायलाच हवा होता. पण त्यात तुमच्या दिग्दर्शकानं नाटकही नीट वाचलेलं नाही हे उघडं पडलंय. लोपाखिन चेकॉव्हनं स्तानिस्लावस्कीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. मॉस्को आर्ट थिएटरचा हा कर्ताधर्ता नट, पण त्यानं ती भूमिका घेतली नाही, मालकीणबाईंचा भाऊ गायेव्ह घेतला. 1903 च्या ऑक्टोबरात चेकॉव्हनं त्याला पत्रातून बजावलं की लोपाखिन व्यापारी असला तरी सर्वार्थानं सभ्य माणूस आहे, त्यानं शिकल्यासवरल्या माणसासारखं वागायला हवं, क्षुद्रपणा नको, नखरे नकोत. आणि पुढे एक मुद्दा मांडला, तो तुमच्या फार कामाचा आहे. वार्या ही गंभीर, देवाधर्माची मुलगी. ती या माणसावर जीव लावून बसलीय. नुसता पैसे ओरबाडणारा असता तर तिनं लावला असता का?

आणखी पुरावा हवा तर संहितेतच आहे. पहिल्या अंकात बाग वाचवायची एकमेव व्यवहार्य योजना कोण मांडतं? लोपाखिन. शहर वीस वेर्स्तांवर (वेर्स्त म्हणजे किलोमीटरहून जरा जास्त), रेल्वे जवळ आलेली. नदीकाठची जमीन आणि बाग तोडून प्लॉट पाडा, हवापालटाला येणाऱ्यांना भाडेपट्ट्यानं द्या, देस्यातिनेला वर्षाला पंचवीस रुबल आले तरी पंचवीस हजार सुटतात. (देस्यातिना म्हणजे साधारण पावणेतीन एकर. हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल.) विक्रीसुद्धा नाही, मालकी त्यांचीच राहणार! गायेव्ह म्हणतो, काय मूर्खपणा. मग हा माणूस नाटकभर त्यांच्या मागे लागतो, की लिलावाची तारीख 22 ऑगस्ट आहे, काहीतरी ठरवा, हो म्हणा किंवा नाही म्हणा. गिळायचीच असती तर गप्प बसला असता.

आणि शेवटच्या अंकात तो त्रोफिमोव्ह या विद्यार्थ्याला सांगतो की वसंतात हजार देस्यातिना खसखस पेरली, चाळीस हजार निव्वळ सुटले. इथपर्यंत व्यापारी बोलतो. पण त्याला लागूनच म्हणतो, माझी खसखस फुलली होती तेव्हा काय चित्र होतं ते! ही ओळ दिग्दर्शकानं काटली असेल तर परत मागून घ्या. त्रोफिमोव्ह त्याला म्हणतो, तुझी बोटं नाजूक आहेत, कलावंताची असावीत तशी. हे खलनायकाबद्दल कोण लिहील?

मला तर नेहमी वाटत आलंय की या माणसात चेकॉव्हनं आपलं घरचंच ओतलंय. लोपाखिनचा आजा आणि बाप याच जहागिरीवर गुलाम. त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा पाऊल टाकू देत नसत. चेकॉव्हचा आजा भूदास होता, 1841 साली पैसे मोजून त्यानं कुटुंबाची सुटका करून घेतली. लोपाखिनचा बाप दुकानदार, पोराला मारणारा. चेकॉव्हचे वडील तागानरोगमध्ये किराणा दुकान चालवायचे आणि पोरांना बडवायचे. 1876 मध्ये दुकान बुडालं, वडील देणेकऱ्यांना चुकवून मॉस्कोला पळाले, आणि घरात भाडेकरू म्हणून राहिलेल्या माणसानंच कर्ज भागवून ते घर आपल्या नावावर करून घेतलं. सोळा वर्षांचा अंतोन मागे राहिला, त्याच घरात, नव्या मालकाच्या पुतण्याची शिकवणी घेऊन. घर गेलेल्यांचं दुःख त्याला आतून माहीत होतं आणि घर घेणाऱ्याच्या ताटात तो जेवलाही होता. म्हणून या नाटकात कुणाची बाजू घेतलेली दिसत नाही.

आता मूळ दुखणं. मागणी का घालत नाही.

कारण शोधू नका. हे मी सुचवत नाही, लोपाखिनच म्हणतो. मालकीणबाई, म्हणजे रानेव्हस्काया, निघता निघता त्याला विचारते की तुम्ही दोघं एकमेकांना टाळल्यासारखं का करता, मला कळत नाही. तो म्हणतो, खरं सांगायचं तर माझं मलाच कळत नाही. पुढे म्हणतो, अजून वेळ असेल तर मी आत्ताही तयार आहे, एकदाचं संपवून टाकू. पण तुम्ही गेल्यावर माझ्याच्यानं मागणी घातली जाणार नाही असं वाटतं. ज्याचं त्याला कळलं नाही ते तुम्हाला तीन आठवड्यांत कसं कळणार? आणि समजा कळलं, म्हणजे तुम्ही ठरवलंत की ‘तो अजून स्वतःला नोकराचा पोर समजतो’ किंवा ‘त्याचं मन खरं तर मालकीणबाईंवर आहे’, तर ते उत्तर तुमच्या चेहऱ्यावर पाटीसारखं लटकेल. प्रेक्षक पाटी वाचतील आणि खुर्चीत मागे रेलतील.

त्यापेक्षा हात काय करतात ते बघा. वार्या आत येते आणि सामानाकडे बराच वेळ बघत राहते. म्हणते, कमाल आहे, सापडतच नाहीये. हा विचारतो, काय शोधताय? ती म्हणते, मीच बांधून ठेवलंय आणि आठवत नाही. मग स्तब्धता. हा विचारतो, आता कुठे जाणार तुम्ही? ती सांगते, रागुलिनांकडे, घर सांभाळायला. तो म्हणतो, म्हणजे याश्नेव्होला ना, सत्तर वेर्स्त असेल. आपले पंचाहत्तर किलोमीटर. बघा, पोरगी आयुष्यभरासाठी कुठल्या कुठे चाललीय आणि हा अंतर मोजतोय. तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मग तो स्वतःबद्दल सांगतो, मी खारकोव्हला निघालोय, याच गाडीनं. मग हवापाणी: गेल्या वर्षी या दिवसांत बर्फ पडत होतं, यंदा ऊन आहे, शांत आहे, फक्त थंडी आहे. उणे तीन असेल. ती म्हणते, मी बघितलं नाही. पुन्हा स्तब्धता. मग तीच: आणि आपला थर्मामीटर फुटलेला आहे.

बाहेरून कोणीतरी हाक मारतं. रंगसूचना अशी की लोपाखिन जणू कधीपासून या हाकेचीच वाट बघत होता. ‘आलो!’ म्हणून झपाट्यानं जातो. ती जमिनीवर बसते, कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं ठेवते आणि हळू हुंदके देते. बस, इतकंच.

ते ‘उणे तीन’ लक्षात ठेवा. पहिल्या अंकात, मे महिन्यात, चेऱ्या मोहरलेल्या असताना जहागिरीचा कारकून येपिखोदोव्ह येऊन सांगतो की बाहेर उणे तीन आहे आणि झाडं तर फुलांनी भरलीयत. तोच आकडा ऑक्टोबरात लोपाखिनच्या तोंडी. मधल्या काळात बाग गेली, घर गेलं, थर्मामीटरही गेला. चेकॉव्ह हे कुठे अधोरेखित करत नाही, तुम्हीही करू नका.

मी तीस वर्षांपूर्वी वार्या केली होती, अशाच एका हौशी संस्थेत. पहिल्या प्रयोगात थर्मामीटरच्या वाक्याला प्रेक्षागृहात मोठा हशा आला. मी विंगेत येऊन खरोखरच रडले. आमच्या दिग्दर्शकानं दुसऱ्या प्रयोगाला ते वाक्य घोगऱ्या आवाजात, पाणावल्या डोळ्यांनी घ्यायला लावलं. कोणी हसलं नाही. पण गाठोड्यावर डोकं ठेवलं तेव्हा पहिल्या दिवशी जी चिडीचूप शांतता झाली होती, तीही झाली नाही. मागच्या रांगेत कोणीतरी चिवड्याची पुडी उलगडत होतं, ते मला ऐकू आलं. तिसऱ्या प्रयोगापासून मी एक गोष्ट ठरवली. सामानात काय शोधायचं ते पक्कं केलं, शिवणाची कात्री, आणि खरंच शोधायला लागले. हशा परत आला. शांतताही आली. तुमची वार्या करणाऱ्या मुलीला हे सांगा, पण काय शोधायचं ते तिचं तिला ठरवू द्या आणि तुम्हाला ते कळू देऊ नका.

एक तालीम सुचवते. चेकॉव्हचीच ‘मागणी’ ही एकांकिका घ्या, 1888 ची. आम्ही ती कॉलेजच्या गॅदरिंगला केली होती आणि लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. लोमोव्ह नावाचा शेजारी कोट घालून मुलीला मागणी घालायला येतो, बोलता बोलता एका कुरणाचा उल्लेख निघतो, ती म्हणते कुरण आमचं, तो म्हणतो आमचं, आणि पाच देस्यातिनांच्या त्या तुकड्यावरून असं रणकंदन माजतं की मागणी राहते बाजूलाच. तो छाती धरून बाहेर पडल्यावर तिला कळतं की हा कशासाठी आला होता, मग तिचा आकांत, ‘परत बोलवा त्याला!’ सातबारा या शब्दाशिवाय हे आपल्याकडे कुठल्याही तालुक्यात घडेल. तुम्ही आणि वार्या मिळून आधी हे भांडण पूर्ण वेगानं वाचा, घसा बसेपर्यंत. पाणी प्या. आणि लगेच शेवटच्या अंकातला तो प्रवेश घ्या. लेखक तोच आणि पेचही तोच, मधे पंधरा वर्षं गेलीयत. तिथे मागणी बोलण्याच्या गर्दीत हरवते, इथे गप्प बसण्यात.

चेकॉव्हनं ‘चेरीची बाग’वर ‘चार अंकी विनोदी नाटक’ असं लिहिलं होतं हे तुमच्या दिग्दर्शकाला माहीत असेलच. स्तानिस्लावस्कीनं मात्र वाचून कळवलं की ही शोकांतिका आहे, मी बायकांसारखा रडलो. त्या दोघांचं हे भांडण मिटलंच नाही. प्रयोग झाल्यावरही चेकॉव्ह त्याच थिएटरात नटी असलेल्या बायकोला पत्रातून तक्रार करत होता की जाहिरातीत माझ्या नाटकाला ‘ड्रामा’ का म्हणतात, आणि जो अंक फार तर बारा मिनिटांत संपायला हवा तो तुम्ही चाळीस मिनिटं ओढता. तो अंक हाच, शेवटचा. तेव्हा तालमीला हातात घड्याळ घ्या. स्तब्धता लिहिल्या आहेत तितक्याच, नवीन घालायच्या नाहीत. (स्तानिस्लावस्कीला दुसऱ्या अंकात बेडकांचे आवाजही हवे होते. चेकॉव्हनं कळवलं की गवत कापायचा हंगाम 20 ते 25 जूनच्या सुमाराचा, त्या वेळी बेडूक गप्प झालेले असतात. डॉक्टर माणूस, तपशिलाला पक्का.)

नाटक समजत नाही असं वाटलं की त्याच्या कथांकडे जा. सगळ्या वाचायच्या भानगडीत पडू नका, तीन पुरेत. ‘दुःख’, 1886 ची. घोडागाडीवाल्या म्हाताऱ्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय आणि तो दिवसभर कोणाला तरी सांगू पाहतो, अधिकाऱ्याला, तीन टवाळ पोरांना, दरवानाला. कोणी ऐकून घेत नाही. रात्री तबेल्यात तो घोडीला सांगतो. ती चघळतेय, ऐकतेय, त्याच्या हातावर श्वास सोडतेय. दुसरी ‘योनिच’, 1898 ची. प्रेमानं वेडा झालेला तरुण डॉक्टर रात्री स्मशानात जाऊन मुलीची वाट बघतो, ती येत नाही, आणि हा बग्गीत बसता बसता मनाशी म्हणतो, वजन वाढू द्यायला नको होतं. तिसरी ‘कुत्रेवाली बाई’, 1899 ची. लग्न झालेली आन्ना पहिल्यांदाच परपुरुषाबरोबर राहिलीय, पश्चात्तापानं बसलीय, आणि गुरोव्ह टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खात राहतो. अर्धा तास तरी कोणी बोलत नाही. गुरोव्ह वाईट आहे का? कथा पुढे वाचा म्हणजे कळेल की याच माणसाला याच बाईवाचून जगणं अशक्य होतं. ते कलिंगड आणि तुमचा थर्मामीटर एकाच हातानं ठेवलेत.

हापूसचं काय? मला रूपांतरं आवडतात, पण हे चालणार नाही, आणि अडचण भावनेची नाही, हिशेबाची आहे. या बागेचं दुखणंच असं की ती कामाची राहिलेली नाही. लोपाखिन सांगतो, चेरी दोन वर्षांतून एकदा येते आणि आली तरी कोणी घेत नाही. म्हातारा नोकर फिर्स सांगतो, पूर्वी चेऱ्या सुकवून गाड्या भरभरून मॉस्कोला, खारकोव्हला जायच्या, कशा सुकवायच्या ते आता कोणाला आठवत नाही. हापूसची कलमं लिलावात निघाली तर प्रेक्षकांतला देवगडचा एखादा माणूस उठून विचारेल, अहो, बाग कराराने द्या की कुणाला! नाटक तिथेच संपलं. जुनं घर, अडकलेली माणसं आणि दारात येऊन ठेपलेला काळ हे मराठीत बघायचंच असेल तर एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ आहे. ते विदर्भाच्या मातीतून उगवलंय, कलम केलेलं नाही.

राहिला दिग्दर्शक. त्याच्याशी तालमीत बोलू नका, चहाच्या टपरीवर दोघंच असताना बोला. ‘मला खलनायक करायचा नाही’ असं म्हणालात तर तो ऐकेल की तुम्हाला स्वतःची इभ्रत सांभाळायचीय. त्यापेक्षा म्हणा, ‘लिलावाहून परत आल्यावरचं भाषण दोन पद्धतींनी करून दाखवतो, तू निवड.’ एकदा त्याच्या मनासारखं करा, प्रामाणिकपणे, गडगडाटी. दुसऱ्यांदा असं, की आकडे सांगताना माणूस स्वतःच चकित होत चाललाय. समोरचा बोली लावणारा देरिगानोव्ह पाच-पाच हजारांनी चढतो, मी दहा-दहांनी, कर्जावर नव्वद हजार, आणि बाग माझी. वार्या कमरेच्या किल्ल्या काढून जमिनीवर टाकून निघून जाते, त्यावर तो रागावत नाही. किल्ल्या उचलतो आणि मायेनं हसतो, तसं लिहूनच ठेवलंय. आणि त्याच भाषणानंतर रडणाऱ्या मालकीणबाईंना रडवेला होऊन म्हणतो, माझं का नाही ऐकलंत? ही दोन मिनिटं त्याच दमात केलीत तर दिग्दर्शकाला दुसरी पद्धत निवडण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. राहिलंच, तर त्याचं ऐका. स्पर्धेचं नाटक त्याच्या नावावर उभं राहणार आहे.

हॉलच्या भाड्याचे पैसे मात्र या बोलण्याच्या आधीच, स्पर्धेपर्यंतचे एकदम, संस्थेच्या खजिनदाराकडे देऊन टाका आणि पावती घ्या. मग ते तुमचे पैसे राहत नाहीत, संस्थेचे होतात. दर महिन्याला तुम्ही पाकीट काढता तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिकडे जात असणार. तुमच्या लक्षात आलं नसेल.

वेशभूषेत पांढरं जाकीट आणि पिवळे बूट आहेत. संहितेत लोपाखिन स्वतःच त्यांच्याकडे बोट दाखवतो, आणि चेकॉव्हनं पत्रातही कळवलं होतं की हा हात हलवत, लांब ढांगा टाकत, चालता चालता विचार करत, एका सरळ रेषेत चालतो. बूट आत्ताच घ्या आणि रोज तालमीला घाला. प्रयोगाच्या दिवशी कोरे घातलेत तर चावतील, आणि तुम्ही वार्यासमोर उभे राहून टाचेचा विचार करत बसाल. तसं तेही वाईट दिसणार नाही म्हणा.